कच्छचं बेंटोनाइट: गोणीवर ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ लिहिलंय, पण सोडा मुरलाय का?

मुंबईतल्या पायलिंगच्या (जमिनीत खोल काँक्रीटचे खांब ओतण्याच्या) साइटवर, रस्त्याखालून पाइप ओढणाऱ्या एचडीडी मशीनशेजारी किंवा जळगावकडच्या ट्यूबवेलच्या रोटरी रिगपाशी ५० किलोच्या बेंटोनाइटच्या गोण्या रचलेल्या दिसतात. बेंटोनाइट म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती. पाण्यात कालवून केलेली तिची स्लरी बोअरमध्ये भरतात, म्हणजे बोअरची भिंत ढासळत नाही. त्यातला बराचसा माल कच्छचा असतो: मांडवी, भूज, नखत्राणा, अबडासा, लखपत या तालुक्यांतल्या खाणींतला. थोडा राजस्थानातल्या बाडमेरचा. हे परीक्षण त्या मालाचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. खाणीतला थर बदलला की त्याच नावाच्या, त्याच छपाईच्या गोणीतला माल बदलतो, आणि मागच्या लॉटचा नावलौकिक या लॉटला कामाला येत नाही.

बाजारात ढोबळमानाने चार तऱ्हेचा माल मिळतो. एक कोरा, म्हणजे खाणीतून काढला, वाळवला, दळला, भरला. दुसरा यार्डात उन्हात सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट) मारून तयार केलेला. तिसरा माती मळणाऱ्या पगमिलमधून आणि जाळीतून दाबून काढणाऱ्या एक्स्ट्रूडरमधून काढलेला. चौथा यांपैकी कुठल्याही मालात वरून घट्टपणा वाढवणारं पॉलिमर मिसळून ‘हाय यील्ड’ म्हणून विकला जाणारा. निकाल आधीच सांगून टाकतो. पायल आणि डायफ्राम वॉलसाठी (जमिनीत चर खोदून ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीसाठी) तिसरा घ्यावा. लहान एचडीडीच्या कामाला चौथा सोयीचा. दुसरा चालतो, पण प्रत्येक ट्रक तपासायची तयारी असेल तरच. पहिला ड्रिलिंगसाठी घेऊ नये, फुकट मिळाला तरी, कारण वाहतूक आणि टाकीची साफसफाई फुकट नसते.

कच्छचं बेंटोनाइट दख्खनच्या ज्वालामुखीतल्या लाव्हा आणि राखेच्या बदलातून झालेलं आहे, म्हणजे सह्याद्रीचा कातळ ज्या घराण्यातला त्याच घराण्यातलं. म्हणूनच त्यात लोह भरपूर आणि रंग पिवळट, तपकिरी, कधी लालसर. रंगावरून मालाची प्रत ठरवणारे खरेदीदार अजून भेटतात. रंग लोहाचा असतो, फुगण्याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. फुगणं ठरतं ते मॉन्टमोरिलोनाइट किती टक्के आहे यावर, आणि त्याच्या पापुद्र्यांमध्ये कोणता धातू बसलाय यावर. सोडियम बसलेला असला की पाण्यात पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि स्लरी दाट होते. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असलं की पापुद्रे गठ्ठ्यांतच राहतात, खाली बसतात आणि वर नितळ पाणी येतं. अमेरिकेतल्या वायोमिंगचा माल निसर्गतःच सोडियमचा. कच्छमध्ये तसेही थर आहेत, पण सगळे नाहीत. बरेच मिश्र आहेत, काही सरळ कॅल्शियमचे. त्यामुळे सोडा लावणं भाग पडतं. गोणीवरच्या ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’चा अर्थ तोच.

प्रक्रियेचं रसायन एका ओळीचं आहे. सोडा अ‍ॅशमधला सोडियम पापुद्र्यांत शिरतो, तिथला कॅल्शियम बाहेर येतो आणि कार्बोनेटशी जुळून चुनखडीच्या बारीक कणांच्या रूपात मालातच पडून राहतो. ती चुनखडी काही त्रास देत नाही. त्रास होतो तो सोडा किती, ओल किती आणि वेळ किती या तीन गोष्टी चुकल्या की.

आधी सोडा. समजा, मेथिलीन ब्लू चाचणीत मातीची धनायन विनिमय क्षमता (पापुद्र्यांत एकूण किती धातू बसू शकतो याचं माप) १०० ग्रॅमला ८० मिलिइक्विव्हॅलंट निघाली आणि त्यातले ५५ कॅल्शियम-मॅग्नेशियमने अडवलेत. सोडा अ‍ॅशच्या एका मिलिइक्विव्हॅलंटचं वजन ५३ मिलिग्रॅम. ५५ गुणिले ५३ म्हणजे साधारण २.९ ग्रॅम, म्हणजेच कोरड्या मातीच्या २.९ टक्के, टनाला २९ किलो. पूर्ण ८० अडवलेले असते तर ४.२ टक्के लागला असता. म्हणून प्रत्यक्षात २ ते ५ टक्के हा पट्टा सगळीकडे ऐकू येतो. पण मातीत जिप्सम असेल तर तो सोडा आधी खातो: १ टक्का जिप्सम जवळजवळ ०.६ टक्के सोडा फस्त करतो. ‘आम्ही नेहमी ३ टक्के टाकतो’ असं सांगणाऱ्या यार्डात जिप्समवाला थर आला की माल अर्धा कच्चा राहतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही.

जास्त टाकला तर? चांगलंच होईल असं वाटतं, पण होत नाही. उरलेला सोडा पाण्यात विरघळून क्षाराचं काम करतो. पापुद्रे एकमेकांना दूर लोटण्याऐवजी कडेकडेने चिकटतात, स्लरी गोळा होते. हातात घेतली तर दाट लागते, मार्श फनेलमधून (ठरावीक मापाच्या नरसाळ्यातून) सावकाश उतरते, आणि अनुभव नसलेला माणूस खूश होतो. दाबाखाली किती पाणी गळतं हे मोजणाऱ्या फिल्टर प्रेसवर मात्र पाणी धो धो गळतं. बोअरच्या भिंतीवर जो पातळ, चिवट थर बसायला हवा तो जाड आणि पोकळ बसतो. अशा थरावर भिंत टिकत नाही.

म्हणून सोड्याचं प्रमाण ठरवायचं ते नमुन्यांवर. त्याच मातीचे सहा भाग घ्यायचे: एक बिनसोड्याचा आणि बाकीचे १, २, ३, ४, ५ टक्क्यांचे. प्रत्येकात एकूण ओल ३५ टक्क्यांच्या आसपास येईल इतकं पाणी, नीट मळणी, मग प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून दोन-तीन दिवस. नंतर ६० ते ८० अंशांवर वाळवून ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल असं दळायचं आणि खाली दिलेली चाचणी लावायची. आकडे एका टप्प्यापर्यंत चढतात, मग सपाट होतात, मग गळालेलं पाणी वाढायला लागतं. सपाटीच्या सुरुवातीचं प्रमाण घ्यायचं, शिखरावरचं नाही. खाणीतला थर थोडा इकडेतिकडे झाला तरी मग सोडा जास्त होत नाही.

दुसरी आणि तिसरी गोष्ट, ओल आणि वेळ, इथेच यार्डातला माल आणि एक्स्ट्रूडरचा माल वेगळे होतात. कोरड्या मातीत कोरडा सोडा मिसळून दळला तर काहीच घडत नाही. सोडियमला पापुद्र्यांत जायला पाण्याची वाट लागते. खाणीतून ताजी निघालेली माती मुळातच ओली असते, तीच वापरावी. एकदा वाळून खडा झाली की पाणी आतपर्यंत पोहोचवणं जड जातं. घट्ट कणकेसारखी मळली की गठ्ठे एकमेकांवर घासून उलगडतात आणि सोडा आत जातो. एक्स्ट्रूडरची जाळी हेच काम जोर लावून करते. त्यातून बाहेर आलेल्या शेवया किंवा कांड्या ढिगात झाकून काही दिवस मुरू देतात आणि मग वाळवतात.

यार्डात माती पसरतात, सोडा भुरभुरतात, पाणी मारतात आणि ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने उलथापालथ करतात. मन लावून केलं, तीन-चारदा फिरवलं, ढीग लावून मुरवलं तर माल उत्तम होतो. यार्ड म्हणजे कमअस्सल असं मुळीच नाही. घाई केली तर मात्र पसरलेल्या मातीच्या एका कोपऱ्यात १ टक्का आणि दुसऱ्यात ६ टक्के सोडा राहतो. दळताना ते थोडंफार एकजीव होतं, पण प्रक्रिया झालेली नसते. अशा लॉटमधल्या दोन शेजारच्या गोण्या वेगळ्या वागतात. साइटवर ‘काल बरोबर होतं, आज काय झालं’ असा प्रश्न पडला की आधी पाणी आणि मग हा संशय घ्यावा.

वाळवणीत आणखी एक खोच आहे. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा काही माल रोटरी ड्रायरमधून काढतात. मालाचं तापमान शंभर-सव्वाशे अंशांत राहिलं तर ठीक. त्याच्या बरंच पुढे गेलं की पापुद्र्यांमधलं पाणी पार निघून ते मिटतात, आणि मिटलेले सगळेच पुन्हा उघडत नाहीत. भाजलेला माल दिसायला छान, हलका, मोकळा असतो. फक्त फुगत नाही.

आता गोणी दारात आल्यावर काय बघायचं. तेलविहिरींच्या जगात एपीआय १३ए हे मानक चालतं, आणि पायलिंगवाल्यांनीही खरेदीला तेच वापरावं असं आमचं मत आहे. चाचणी अशी: ३५० मिली डिस्टिल्ड पाण्यात २२.५ ग्रॅम पावडर, हाय-स्पीड मिक्सरवर एकूण २० मिनिटं. मध्ये भांड्याच्या कडा खरवडून घ्यायच्या. १६ तास झाकून ठेवायचं, पुन्हा ५ मिनिटं ढवळायचं आणि व्हिस्कोमीटरवर ६०० आणि ३०० आरपीएमचे आकडे घ्यायचे. ६०० चा आकडा किमान ३० हवा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे प्लास्टिक व्हिस्कॉसिटी, वाहतानाचा घट्टपणा. ३०० च्या आकड्यातून ती वजा केली की यील्ड पॉइंट, वाहायला लागण्याआधीचा अडकाव. मग फिल्टर प्रेस: १०० पीएसआय दाबाखाली साडेसात मिनिटांपासून तिसाव्या मिनिटापर्यंत गळालेलं पाणी मोजून दुप्पट करायचं.

ड्रिलिंग ग्रेडला यील्ड पॉइंट आणि प्लास्टिक व्हिस्कॉसिटीचं गुणोत्तर जास्तीत जास्त ३, गळणारं पाणी १५ मिलीपर्यंत, ७५ मायक्रॉनवर ओला अवशेष ४ टक्क्यांपर्यंत. त्याच मानकातल्या ओसीएमए नावाच्या दुसऱ्या ग्रेडला गुणोत्तर ६ पर्यंत, पाणी १६ मिली, अवशेष अडीच टक्के. सोडा लावलेल्या मालासाठी हा दुसरा वर्ग सोयीचा आहे.

उदाहरणाने फरक कळेल. एका नमुन्याचे आकडे ३४ आणि २६: प्लास्टिक व्हिस्कॉसिटी ८, यील्ड पॉइंट १८, गुणोत्तर २.२५. दोन्ही वर्गांत बसतो. दुसऱ्याचे ३१ आणि २७: प्लास्टिक व्हिस्कॉसिटी ४, यील्ड पॉइंट २३, गुणोत्तर ५.७५. ओसीएमएत जेमतेम पास, ड्रिलिंग ग्रेडमध्ये नापास. ६०० चा आकडा दोघांचा ३० च्या वर, म्हणून चलनासोबतच्या कागदावर दोघेही ‘ओके’. पण दुसऱ्यात मातीचं बळ कमी आणि गोळा झाल्याचा घट्टपणा जास्त आहे. तो खरा की आणलेला हे पाहायचं असेल तर त्याच मानकातली बिनप्रक्रियेच्या मालाची चाचणी उसनी घ्यावी: ३५० मिलीत २५ ग्रॅम, १६ तासांनी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या १० टक्के द्रावणाचे ५ मिली घालून पुन्हा आकडे. गोळा होऊन आलेला घट्टपणा लगेच मोडतो आणि मागे उरते ती मातीची स्वतःची ताकद. प्लास्टिक व्हिस्कॉसिटी १० च्या वर आणि गळणारं पाणी १२.५ मिलीच्या आत राहिलं तर माती जातिवंत. सोडा लावलेल्या मालाकडून ही परीक्षा पास होण्याची अपेक्षा धरू नये, पण आकडा ३-४ वर कोसळला तर त्या पुरवठादाराशी भाव नव्याने ठरवायला हरकत नाही.

व्हिस्कोमीटर प्रत्येक साइटवर नसतं. फनेल असतं, आणि फनेलनेही बरंच कळतं, जर ते एकदाच नाही तर तीनदा लावलं: मिसळल्यावर अर्ध्या तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी. नीट मुरलेला सोडियम माल अर्ध्या तासात बऱ्यापैकी दाटतो आणि रात्रीतून आणखी चढतो. पॉलिमरवाला माल पहिल्या अर्ध्या तासातच जवळजवळ पूर्ण चढलेला असतो, दुसऱ्या दिवशी फारसा फरक नाही. कच्चा माल दुसऱ्या दिवशी उतरलेला, वर पाण्याचा थर आणि तळाला गाळ. फनेल वापरताना आधी साधं पाणी ओतून बघा. १५०० मिली भरून ९४६ मिली गळू दिलं तर पाण्याला २६ सेकंद लागतात. काही ठिकाणी पूर्ण लिटर मोजतात, तिथे २८. कोण कसं मोजतंय हे ठरलेलं नसेल तर कन्सल्टंट आणि ठेकेदार ‘३२ की ३४’ यावर तासभर भांडत बसतात.

पीएच कागदही खिशात असावा. चांगल्या सोडा लावलेल्या मालाची ५ टक्क्यांची स्लरी साधारण ९.५ ते १०.५ दाखवते. ताज्या स्लरीत त्याच्या वर सरकायला लागला तर सोडा माती न खाता नुसता पाण्यात पोहतोय. अ‍ॅसिडचा थेंब टाकून फेस बघण्याची युक्ती कुणी शिकवली तर ऐकू नका. सोडा आणि प्रक्रियेत तयार झालेली चुनखडी दोन्ही फेसाळतात.

बोअर पायलसाठी आपलं आयएस २९११ आहे. त्यात बेंटोनाइटची लिक्विड लिमिट (किती टक्के पाण्याला माती वाहायला लागते ते) ४०० टक्क्यांच्या खाली चालत नाही, ताज्या स्लरीची घनता १.०३ ते १.१०, मार्श फनेलचा वेळ ३० ते ६० सेकंद, पीएच ९ ते ११.५. बोअरमध्ये माती मिसळून घनता १.२५ पर्यंत जाऊ शकते, पण काँक्रीट ओतण्यापूर्वी धुऊन १.१२ पर्यंत आणावी लागते. यातल्या १.१० या वरच्या मर्यादेआड बरेच जण लपतात. हिशेब करून बघा: हजार लिटर पाण्यात एक गोणी, म्हणजे ५ टक्के, टाकली की घनता येते १.०३. म्हणजे चांगल्या मालाला ४-६ टक्क्यांत ३५-४० सेकंद मिळायला हवेत आणि घनता १.०२५ ते १.०४ च्या दरम्यान राहायला हवी. ताज्या स्लरीला ३५ सेकंद आणण्यासाठी घनता १.०८ करावी लागत असेल तर त्यात घनमीटरला १३० किलोच्या आसपास माल गेलाय. मर्यादेत आहे, कागदावर पास आहे, आणि तुम्ही अडीचपट गोण्या वापरताय. एक मीटर व्यासाची २० मीटर खोल पायल घेतली तर बोअरचं आकारमान १५.७ घनमीटर. चांगल्या मालाच्या एका भरण्याला १६ गोण्या, या मालाच्या ४० च्या पुढे. गोणीमागे वाचलेले पैसे तिथेच संपतात, आणि वर काँक्रीटच्या सळ्यांवर बसणारा जाड लेप वेगळाच.

काळी माती बेंटोनाइटच्या घराण्यातली म्हणून शेतातली माती सोडा टाकून वापरता येईल का, असं अधूनमधून विचारलं जातं. काळ्या मातीची लिक्विड लिमिट ५० ते १०० टक्क्यांच्या आसपास, त्यात चुनखडीचे खडे, गाळ आणि सेंद्रिय भाग. हातपंपाच्या बोअरला पूर्वी लोकांनी काय वापरलं ते जाऊ द्या, पायलला ही माती नको.

आता पाण्याबद्दल, कारण अर्ध्या तक्रारी गोणीच्या म्हणून येतात आणि निघतात टँकरच्या. कठीण पाण्यातला कॅल्शियम प्रक्रियेच्या उलट काम करतो: यार्डात बाहेर काढलेला कॅल्शियम पुन्हा आत. पाण्याची कठीणता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल तर हजार लिटरला ४२५ ग्रॅम सोडा अ‍ॅश लागतो. १० हजार लिटरच्या टाकीला सव्वाचार किलो. तो बेंटोनाइटच्या आधी टाकायचा, दहा-पंधरा मिनिटं फिरवायचा, पीएच ८.५ ते ९.५ दिसला की मग गोण्या फोडायच्या. दोन्ही एकदम टाकले की सोडा पाण्याशी आणि मातीशी एकाच वेळी भिडतो आणि मातीला जे नको ते आधी मिळतं. खाडीलगतच्या बोअरचं किंवा समुद्राचं पाणी असेल तर सोड्याने काम होत नाही, मीठ सोड्याने जात नाही. गोड्या पाण्याची एक छोटी टाकी वेगळी ठेवून त्यात ७-८ टक्क्यांची दाट स्लरी २४ तास मुरवावी आणि मग खाऱ्या पाण्याने पातळ करावी. आधी फुगलेली माती खाऱ्या पाण्यात काही काळ टिकते. खाऱ्या पाण्यात टाकलेली कोरडी माती फुगतच नाही.

हीच अडचण अकोला, अमरावती, बुलडाणा या भागातल्या खारपाणपट्ट्यात येते. पूर्णेच्या गाळात ट्यूबवेल घ्यायची तर भिंत धरायला चिखल लागतोच, आणि जागेवरचं पाणी खारं. तिथे कच्छचा उत्तम मालही जागेवरच्या पाण्यात कोऱ्यासारखा वागतो, मग माल खराब म्हणून परत पाठवला जातो. बाकी महाराष्ट्रात कातळात डीटीएच रिगने हवेवर बोअर घेतात, तिथे बेंटोनाइटची गरज नसते. तरी दोन-चार गोण्या गळ्यात मारणारे असतात.

ट्यूबवेलसाठी आणखी एक गोष्ट. तापीच्या गाळात, रावेर-यावलकडे, वाळूच्या थरात शिरलेलं बेंटोनाइट नंतर पाणी अडवतं. स्लरी होता होईल तेवढी पातळ ठेवावी, जाळीचा पाइप उतरल्यावर लगेच स्वच्छ पाण्याने बदलावी आणि हेक्सामेटाफॉस्फेट क्लोरीनसोबत सोडून रात्रभर थांबून कंप्रेसरने खळबळून काढावं. क्लोरीन यासाठी की फॉस्फेट हे जंतूंचं खाद्य आहे. पॉलिमरवाली गोणी इथे टाळावी. काही पॉलिमर साध्या धुण्याने सुटत नाहीत.

मिसळण्यात बहुतेक ठिकाणी घाई नडते. व्हेंचुरी हॉपरमधून (पाण्याच्या झोताने पावडर ओढून घेणाऱ्या नरसाळ्यातून) एका गोणीला चार-पाच मिनिटं द्यावीत. टाकीत वरून गोणी उलटी करून फावड्याने ढवळली की बाहेरून फुगलेल्या आणि आत कोरड्या गुठळ्या होतात. त्या कधीच फुटत नाहीत, पंपाच्या गाळणीत जाऊन बसतात. मुरवायला किमान १२ तास, शक्यतो २४. एचडीडीवाल्यांना एवढा वेळ नसतो हे मान्य, म्हणून त्यांच्यासाठी पॉलिमरवाला माल खरोखर उपयोगाचा: अर्ध्या तासात दाट, कमी गोण्या, मशीनवर हलका. मात्र उष्णतेत टाकी चार-पाच दिवस पडून राहिली की वास मारायला लागते आणि घट्टपणा उतरतो. जंतू पॉलिमर खातात.

पायलिंगमध्ये हा पॉलिमरवाला माल कमी पडतो तो ट्रेमीच्या वेळी, म्हणजे पाइपातून तळापासून काँक्रीट भरताना. काँक्रीट वर येताना त्याच्याशी लागलेली स्लरी सिमेंटमधला कॅल्शियम घेते, पीएच १२ च्या वर जातो, आणि बऱ्याच ‘हाय यील्ड’ गोण्यांतलं पॉलिमर कॅल्शियमला फार नाजूक असतं. स्लरी दह्यासारखी फाटते. नुसत्या सोडा लावलेल्या मालालाही हे होतं, पण तो थोडा जास्त सोसतो आणि सावरता येतो. सावरायला इथे सोडा अ‍ॅश वापरू नये, तो पीएच खाली आणत नाही. सोडियम बायकार्बोनेट वापरावा, म्हणजे आपला खायचा सोडा: एक ग्रॅम कॅल्शियमला साधारण २.१ ग्रॅम. पायलच्या शेवटच्या दोन-तीन मीटरमधली, काँक्रीटला चिकटून आलेली स्लरी सावरायच्या भानगडीत न पडता वेगळ्या टाकीत काढून टाकून द्यावी. ती परत मुख्य टाकीत गेली की सगळी टाकी बिघडते. टाकून द्यायची म्हणजे गटारात नाही. गटारात बसलेलं बेंटोनाइट पावसाळ्यात पालिकेला आणि पर्यायाने ठेकेदाराला महाग पडतं. टाकीत निवळू द्यावं, पाणी वेगळं काढावं आणि उरलेला गाळ डंपरने न्यावा.

कोऱ्या गोणीत साइटवरच सोडा टाकून काम भागवावं का? टाकीत ५ टक्क्यांच्या पातळ स्लरीत मातीच्या ३ टक्के सोडा टाकून दोन दिवस फिरवलं तर सुधारणा दिसते, पण मळणीचा रेटा तिथे मिळत नाही आणि गठ्ठे अर्धवट उलगडतात. अडल्या वेळी एखाद्या बोअरला ठीक. त्यावर शंभर पायलचा दर भरू नये.

खरेदीच्या ऑर्डरवर नुसतं ‘बेंटोनाइट, अ‍ॅक्टिव्हेटेड’ लिहिलं तर कोणतीही गोणी त्यात बसते. लिहावं ते असं: एपीआय १३ए ओसीएमए ग्रेड, गुणोत्तर ६ च्या आत, लिक्विड लिमिट किमान ४०० टक्के, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास, पॉलिमर घातलं असल्यास तसं लेखी. ओलाव्याचा आकडा विसरू नये. ५० किलोच्या गोणीत १० ऐवजी १८ टक्के ओल म्हणजे दर गोणीला चार किलो जादा पाण्याचे पैसे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गोण्या फळ्यांवर, ताडपत्रीखाली, भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात. फोडताना धूळ उडते आणि तिच्यात सिलिका असते, तेव्हा मास्क तोंडाला रुमाल बांधण्यापुरता नसावा.

प्रत्येक ट्रकमधल्या वेगवेगळ्या थरांतल्या पाच-सहा गोण्यांतून मूठ-मूठ घेऊन एक किलोचा नमुना करावा, त्याचे दोन भाग करून एक तपासायला द्यावा आणि दुसरा ड्रायव्हरसमोर सील करून, चलन नंबर टाकून, त्या लॉटची शेवटची पायल ओतून होईपर्यंत ऑफिसात ठेवावा.